येळवशीपर्यंतचं पाणी

माझ्या नोकरीची पहिली दोन वर्षं पंजाब-हरियाणाच्या पाण्यात गेली आणि त्या दोन वर्षांत मी एकदाही पंजाबला गेले नाही. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर बसायचं, दर महिन्याला येणारे आकडे उतरवून घ्यायचे, त्यातला गोंधळ काढायचा आणि ते नकाशावर चढवायचे, एवढं माझं काम. आकडे यायचे ‘ग्रेस’ या उपग्रहांच्या जोडीकडून.

अमेरिका आणि जर्मनीने मिळून १७ मार्च २००२ला ही जोडी सोडली. जमिनीचे फोटो काढणं हे तिचं कामच नव्हतं. दोन्ही उपग्रह एकामागोमाग एक, मध्ये साधारण २२० किलोमीटरचं अंतर ठेवून पृथ्वीभोवती फिरायचे. खाली जमिनीवर कुठे वस्तुमान जास्त असलं की पुढचा उपग्रह त्या ओढीने किंचित पुढे सरकायचा आणि दोघांतलं अंतर वाढायचं. मग मागचाही त्याच जागी यायचा, ओढला जायचा, अंतर पुन्हा कमी व्हायचं. हा फरक मायक्रॉनमध्ये मोजला जायचा; माणसाचा केस त्याच्यापुढे दोरखंड वाटावा इतका बारीक. डोंगर महिन्या-महिन्याला जड-हलके होत नाहीत. जमिनीवर इतक्या लवकर वजन बदलतं ते मुख्यतः पाण्याचं. म्हणून ग्रेस म्हणजे पाण्याचा काटा.

हे मी वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर कळलं. ते कळंबच्या मोंढ्यात मापाडी होते, सगळा जन्म काट्याशी उभे राहिलेले. ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे पोत्यासकट तोलता. मग बारदाना किती धरता?” तोच तर सगळ्या कामातला अवघड भाग. ग्रेस सगळं एकत्र तोलायचं. मातीतला ओलावा, नद्या, तलाव, डोंगरावरचं बर्फ आणि खाली भूगर्भातलं पाणी, सगळं एका पोत्यात. त्यातलं भूजल तेवढं वेगळं काढायचं तर बाकीच्याचा अंदाज दुसऱ्या मोजमापांवरून बांधून तो वजा करावा लागतो. बारदाना जास्त धरला तर शेतकरी बुडतो, कमी धरला तर व्यापारी; आमच्याकडे तो चुकला की भूजल चुकतं. वडिलांचा प्रश्न मी कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवला होता. संस्था सोडली तेव्हा तो कागद बरोबर आणला.

उत्तरेचा निष्कर्ष जगभर गाजलेला आहे. मॅथ्यू रॉडेल, इसाबेला वेलिकोन्या आणि जेम्स फॅमिग्लिएटी यांनी २००९मध्ये ‘नेचर’मध्ये तो मांडला. ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या सहा वर्षांत राजस्थान, पंजाब आणि दिल्लीसह हरियाणा, एवढ्या टापूतून १०९ घन किलोमीटर भूजल गेलं. आकडा वाचून डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही, म्हणून मी तो आमच्या मापात आणला. उजनी धरणाची पूर्ण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे साधारण ३.३ घन किलोमीटर. तर ही तेहेतीस उजन्यांची उचल झाली. ज्या उजनीतून धाराशिव शहरापर्यंत जलवाहिनी टाकावी लागली, तशा तेहेतीस. तेवढं पाणी जमिनीखालून उपसून भात-गव्हाला पाजलं गेलं होतं, आणि वरून शेतं हिरवीगारच दिसत होती. मला त्या कामाचा अभिमान होता, अजूनही आहे. पाणी गेल्याचं वरून, तोलून सांगता येतं, ही माणसाने साधलेली मोठी गोष्ट आहे.

मग २०१६चा उन्हाळा आला. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली आणि देशभरातले कॅमेरे तिच्यामागे धावले. आमच्या जिल्ह्यात रेल्वे आली नाही, टँकर आले. मी पुण्यात बसून होते, हाताशी साऱ्या पृथ्वीचं पाणी तोलणारा काटा होता, आणि वाटलं, आपला जिल्हा बघावा. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी धाराशिव जिल्ह्याची हद्द नकाशावर टाकली. तेव्हा नकाशावर नाव उस्मानाबादच होतं. आतला भाग मोठा केला. एकच रंग आला. आणखी मोठा केला, रंग तोच, नुसता पसरला.

यात बिघाड काही नव्हता. ग्रेसला साधारण ३०० किलोमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद टापूच्या खालचं काही नीट वेगळं करता येत नव्हतं. म्हणजे ९० हजार चौरस किलोमीटर. आमचा जिल्हा साडेसात हजारांचा. काट्याच्या एका दाण्यात बारा धाराशिव बसतात. अख्खा मराठवाडासुद्धा त्या दाण्यापेक्षा लहान. पोतं तोलायच्या काट्यावर गुंजभर सोनं ठेवून मी वजन विचारत होते.

त्याहून मोठी गोष्ट मला पुढच्या काही महिन्यांत कळली. मराठवाडा आणि आजूबाजूचा मोठा पट्टा एकत्र घेतला तर ग्रेसमधून आलेख निघतो. पण तो उत्तरेसारखा उतरत जात नाही. करवतीच्या दात्यांसारखा दर पावसाळ्यात चढतो, दर उन्हाळ्यात पडतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बऱ्यापैकी तिथंच येतो. दुष्काळात एखादा दाता बुटका राहतो, एवढंच. एका चर्चेत एका अभ्यासकाने तो आलेख पाहून सांगितलं की इथे दीर्घकालीन घट ठळक नाही. त्यांचं म्हणणं आलेखापुरतं खरं होतं. माझ्या पोटात मात्र कालवलं, कारण त्याच आठवड्यात आत्याच्या गावात आठ दिवसांआड टँकर सुरू झाला होता.

आत्याचं गाव वाशी तालुक्यात, तेरणा जिथे उगम पावते त्या बाजूला. बालाघाटच्या माथ्यावरचा हा मुलूख. पूर्वेकडे पडलेला पाऊस तेरणा-मांजरेतून गोदावरीला जातो, पश्चिमेकडचा सीना-भीमेतून कृष्णेला. माथ्यावर राहणाऱ्याला वरून कुणाचं पाणी येत नाही. जे पडेल ते आपलं, आणि तेही लगेच दोन्हीकडे उतरून जाणार. आत्याची विहीर सात परस. पहिल्या परसात काळी माती, मग मुरूम, मग भेगाळलेला, सच्छिद्र खडक, त्याखाली विटकरी गेरूचा पातळ थर आणि तळाला अखंड काळा पाषाण. शाळेत शिकवलेला दख्खनचा बेसॉल्ट मी पहिल्यांदा खरा पाहिला तो या विहिरीत उतरून. लाव्हाचे थर एकावर एक साठलेले, आणि पाणी राहणार ते फक्त वरच्या झिजलेल्या भागात आणि भेगांत.

उत्तरेतल्या मैदानाखाली नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचे शेकडो मीटर जाडीचे थर आहेत. त्या गाळात पाण्याची पातळी एक मीटर उतरली तर दहा-बारा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त पाणी निघालेलं असतं. आमच्या मुरमाड खडकात तेवढ्याच उताराला दोन सेंटिमीटरच्या आसपास. आत्याच्या विहिरीची पातळी ऑक्टोबर ते फेब्रुवारी आठ मीटर उतरते. खडकातून निघालेलं पाणी जेमतेम सोळा सेंटिमीटर. तीच घट तिकडच्या गाळात झाली असती तर जवळपास मीटरभर पाणी गेलं असतं. आमचा खडक लहान डबा आहे. एका चांगल्या पावसात भरतो, म्हणून आलेख पुन्हा वर जातो. आणि माघ-फाल्गुनात रिकामा होतो, म्हणून घागरी पुन्हा रांगेत लागतात. उत्तरेत साठवलेली पुंजी संपत चालली आहे. आमच्याकडे पुंजी कधी नव्हतीच, रोजंदारी आहे. रोजंदारीवरच्या माणसाला दहा वर्षांत तुझी शिल्लक किती घटली हे विचारून काय कळणार? त्याला विचारायचं असतं, पैसे किती तारखेपर्यंत पुरतात.

हा प्रश्न सुचला आणि मी काम बदललं. आमच्या विभागाने त्याला परवानगी दिली याबद्दल मी आजही ऋणी आहे.

नवं काम डोळ्यांनी बघण्याचं होतं. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दहा मीटरचा चौकोन ओळखतात, दोन मिळून दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात आणि त्यांची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. त्याआधीचं बघायचं तर अमेरिकेचा लँडसॅट आहे. पहिला लँडसॅट २३ जुलै १९७२ला उडाला. ज्या पावसाळ्याने महाराष्ट्राला दगा दिला, तोच पावसाळा. पाणी हिरवा प्रकाश थोडाफार परत पाठवतं आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश गिळून टाकतं. या दोहोंची तुलना केली की पाणी जमिनीतून वेगळं निघतं. जिल्ह्यातला प्रत्येक पाझर तलाव, साठवण तलाव, तेरणा, सीना-कोळेगाव, खासापूर, चांदणी, निम्न तेरणा, सगळ्यांची हद्द आखायची आणि दर पाच दिवसांनी पाण्याची कड कुठे आहे ते नोंदवायचं. वाटलं, यात आता अडचण ती काय?

अडचणी मातीतून आल्या. नुकतं पाणी दिलेलं काळंभोर रान संगणकाला तळं वाटायचं. तलावाच्या काठाने बेशरम माजलेली असते, तिच्याखाली गुडघाभर पाणी असलं तरी त्याला हिरवळच दिसायची. गाळपेराने तर मला पुरतं फसवलं. पाणी मागे सरलं की तळातल्या ओल्या गाळात लोक ज्वारी-हरभरा टाकतात. चित्रात ते पीक आणि दाट शेवाळलेलं उथळ पाणी यांत फरक करणं जिवावर यायचं. पावसाळ्यात तर ढगच ढग. तेव्हा रडारवाला सेंटिनेल-१ कामी येतो, कारण त्याच्या लहरी ढगातून आरपार जातात आणि शांत पाण्यावरून पलीकडेच निघून जातात, म्हणून पाणी काळं दिसतं. २०२५च्या सप्टेंबरात सीनेच्या पुराने परंड्याकडची शेतं बुडाली, तेव्हाच्या रडारचित्रात नदीकाठी तो काळा रंग पसरलेला होता, आणि त्यात बांध कुठला, पात्र कुठलं, काही कळत नव्हतं. ज्या तालुक्याच्या चित्रात मी वर्षानुवर्षं पाणी शोधलं, तिथलं ते चित्र मला बघवलं नाही.

शिवाय वरून फक्त पाण्याचा पसारा दिसतो, खोली नाही. खोली काढायला प्रकल्प बांधतानाचे तक्ते असतात: एवढ्या पातळीला एवढं क्षेत्र, एवढा साठा. पण तलाव गाळाने भरत आलेत. जुन्या तक्त्याने काढलेलं पाणी कागदावर असतं, तलावात नसतं. म्हणून दोन उन्हाळे मी तळ पायांनी मोजले. वर्तमानपत्रात ‘प्रकल्प जोत्याखाली’ असा मथळा येतो, त्या जोत्याच्याही खाली. मे महिन्यात तळाचा गाळ हातभर रुंद भेगांनी फाटलेला असतो, त्यात काठी उभी घातली तर आत जात राहते. एका तलावात गाळ काढायला ट्रॅक्टर लागले होते. गाळ नेणारा एक शेतकरी म्हणाला, “ताई, ही आमच्याच रानाची माती हाय. पावसानं नेलेली परत नेलालाव.” मोजमापाच्या वहीत मी हे वाक्य तारखेसह लिहिलेलं आहे.

आता शेततळ्यांचं सांगते. २०१८चा पावसाळा कमी झाला होता आणि २०१९च्या मार्चमध्ये मी जिल्ह्याची चित्रं लावत होते. मोठे तलाव आटत होते, ते अपेक्षितच. पण शिवारात निळे ठिपके वाढलेले दिसले. चौकोनी, नेटके, पाण्याने भरलेले. काही गावांत तर डिसेंबरपेक्षा मार्चमध्ये जास्त. दुष्काळी वर्षात, उन्हाळ्याच्या तोंडावर, पाणी वाढलेलं! मी आनंदाने अहवालाचा कच्चा मसुदा लिहिला: लहान साठवणुकीमुळे या गावांनी दुष्काळात तग धरला. पाठवण्याआधी एकदा बघून यावं म्हणून वाशीला गेले. त्या गावांच्या यादीत आत्याचंही गाव होतं.

आत्या मला पाठीमागच्या रानात घेऊन गेली. भावकीतल्यांचं शेततळं, काळ्या प्लास्टिकचं अस्तर लावलेलं, काठोकाठ. कडेला पाइप, पाइपातून पाणी पडत होतं. पाइपाचं दुसरं टोक तीन बोअरमध्ये गेलेलं. हिवाळाभर बोअरचं पाणी ओढून द्राक्षबागेसाठी वर भरून ठेवायचं, कारण खाली ठेवलं तर शेजाऱ्याचा बोअर ओढून घेणार. तिथून चारशे पावलांवर आत्याची विहीर, तळाचा पाषाण दिसेल इतकी कोरडी. मी मोबाइलवर तिला तो निळा ठिपका दाखवला.

“काय बघलालीस गं ह्यात?”

“हे पाणी वाढलंय असं दिसतंय, आत्या.”

तिने ठिपक्यावर बोट ठेवलं, मग विहिरीकडे बघितलं. “वाढलं न्हाई बाळे. खालचं वर आलंय.”

मी मसुदा फाडला. उपग्रहाने दाखवलं ते खोटं नव्हतं; तळ्यात पाणी होतंच. पण जे माझ्या नकाशावर जमा म्हणून लिहिलं जात होतं, ते चारशे पावलांवरच्या विहिरीतलं खर्च होतं, आणि खर्चाची बाजू वरून दिसत नाही. त्यात आणखी वाईट असं की खडकात होतं तोवर त्या पाण्याला ऊन लागत नव्हतं. उघड्या तळ्यातून मे महिन्यात दिवसाला जवळपास सेंटिमीटरभर उडून जातं. ज्याने तळं भरलं त्याला मी दोष देत नाही. त्याच्यावर बागेचं कर्ज आहे आणि खडकातलं पाणी ज्याने ओढलं त्याचं असा आपल्याकडचा रिवाज आहे. पण माझ्या अहवालाने त्या रिवाजाला यश म्हटलं असतं, आणि कुणीतरी तो अहवाल पुढे करून आणखी तळी मागितली असती. या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही.

त्यानंतर ठरवलं की विहीर मोजल्याशिवाय चित्रावर विश्वास ठेवायचा नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा बहात्तरच्या दुष्काळापासून राज्यात हे काम करते; वर्षातून चारदा निरीक्षण विहिरींमध्ये फीत सोडून पातळी घेतली जाते. या नोंदी नसत्या तर आमचं काम हवेत राहिलं असतं. पण मला हवा होता दोन नोंदींच्या मधला दिवस, ज्या दिवशी पाणी संपलं तो. तो कुठल्याच दप्तरात नव्हता. तो बायकांकडे होता.

आमच्याकडे तारखा कुणी सांगत नाही. “औंदा संक्रांतीला आटली.” “शिमग्यापतूर होतं.” “पाडव्याला घागर बुडंना.” आणि सगळ्यांत जास्त वेळा येते ती येळवस. मार्गशीर्षातली अमावास्या, धाराशिव-लातूरकडे त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळे रानात. कडब्याची कोप घालायची, पांडवांची पूजा करायची, भज्जी, आंबिल, बाजरीचे उंडे असं कोपीतच जेवायचं. त्या दिवशी प्रत्येक बाई आपल्या विहिरीत डोकावते, कारण पाणी तिथूनच काढायचं असतं. वर्षातून एकदा, ठरल्या दिवशी, जिल्ह्यातल्या हजारो विहिरींचं निरीक्षण! मी सतरा गावांत फिरून बायकांना विचारत गेले: कोणत्या साली, कोणत्या सणाला पाणी कुठवर होतं. वर्ष आठवायला त्यांची स्वतःची मापं होती, थोरलीचं लगीन झालं ते साल, धाकट्याच्या बारशाचं साल, रेल्वेनं पाणी आलं ते साल.

पुण्यात परतल्यावर संगणकाच्या एका बाजूला उपग्रहाची चित्रं आणि दुसऱ्या बाजूला जुनी पंचांगं. सण इंग्रजी तारखेला बांधलेला नसतो. एक येळवस ११ जानेवारी २०२४ला आली, दुसरी १९ डिसेंबर २०२५ला. अधिक महिन्याने सगळं सरकतं. प्रत्येक सणाची तारीख काढायची आणि त्या तारखेच्या आसपासचं चित्र उघडायचं. जिथे विहिरीजवळ पाझर तलाव होता तिथे मेळ बसत गेला. बाईने शिमगा सांगितला की तलावाची कड त्याच पंधरवड्यात शेवटच्या ठिपक्यावर आलेली. काही ठिकाणी बसला नाही, आणि तिथे जवळपास दर वेळी मध्ये नवे बोअर सापडले.

त्यातून मी जो नकाशा केला त्यात किती पाणी हे नाही. प्रत्येक गावाला पाणी संपण्याचा सण आहे. फिकट रंग पाडव्याचा, गडद येळवशीचा. माझ्या वरिष्ठांनी आधी नाक मुरडलं, मग स्वतः बसून सणांचे पंधरवडे करून दिले. नकाशा बघायला वडील पुण्याला आले होते. त्यांनी आपलं गाव शोधलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “काटा बरोबर हाय.”

२०२३च्या पावसाळ्यानंतर सरकारने जे ४० तालुके दुष्काळी जाहीर केले त्यात वाशी होता. त्या येळवशीला, ११ जानेवारीला, मी गावी होते. कोपीत जेवणं झाली, आंबिलीचा डेरा निम्मा झाला. मी विहिरीवर जाऊन फीत सोडली. फितीचं वजन पाण्याला टेकलं की हाताला कळतं, दोर किंचित सैल पडतो. त्या दिवशी तो फार उशिरा सैल पडला. १०.४ मीटर. मी वहीत लिहिलं. आत्या माझ्या मागून आली, फितीकडे न बघता आत डोकावली.

“जवारीला एक पाणी बसंल,” ती म्हणाली. “हरभऱ्याला न्हाई.”

मी तेही लिहून घेतलं. ज्वारीला तिने पुढच्या आठवड्यात पाणी दिलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका सकाळी तिचा फोन आला. मी कार्यालयात होते, पडद्यावर वाशी तालुका उघडा होता, गावाशेजारच्या पाझर तलावात तीन-चार निळे चौकोन उरले होते.

“मोटार हवा ओढायली,” आत्या म्हणाली. “लिही तुझ्या वहीत.”